ज्यूरी, पंच आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी काही विद्वान वक्ता नाही. उभी हयात कोर्टाच्या आवारात गेलेला एक साधा वकील आहे. तेव्हा शास्त्रीय विवेचनापेक्षा अनुभवाच्या चार गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्यात, एवढ्याच हेतूने उभा आहे.

आजच्या विषयाचे श्रेय आपल्या अभ्यासिकेतील एका विद्यार्थिनीला आहे. ती कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने 'एक रुका हुआ फैसला' हा १९८६ सालचा हिंदी चित्रपट पाहिला. बारा माणसे एका खोलीत बसली आहेत. आरोपी एक गरीब मुलगा आहे. अकरा जण त्याला दोषी म्हणतात आणि एकटा माणूस म्हणतो, थांबा, नीट विचार करू. शेवटी मुलगा सुटतो. हे पाहून तिने मला विचारले, "सर, आपल्याकडे ज्यूरी का नाही? ज्यूरी असती तर आपल्या लोकांना न्याय मिळाला असता ना?"

प्रश्न साधा वाटला, पण त्याने मला रात्रभर झोपू दिले नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन.

प्रथम ज्यूरी म्हणजे काय ते समजून घेऊ. खटल्यात दोन प्रकारचे प्रश्न असतात. घटना घडली की नाही, ती कोणी केली, हा वस्तुस्थितीचा प्रश्न; आणि त्या घटनेला कोणते कलम लागते, शिक्षा किती, हा कायद्याचा प्रश्न. ज्यूरीच्या पद्धतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामान्य नागरिकांनी द्यायचे आणि दुसऱ्याचे न्यायाधीशांनी. नागरिक साक्षीपुरावा ऐकतात, न्यायाधीश त्यांना कायदा समजावून सांगतात, मग ते वेगळ्या खोलीत बसून ठरवतात आणि बाहेर येऊन "दोषी" किंवा "निर्दोष" एवढेच सांगतात. कारणे देत नाहीत. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

या पद्धतीमागचा विचार थोर आहे. राजाने नेमलेल्या न्यायाधीशाच्या हाती माणसाचा जीव सोपवू नये, त्याच्या बरोबरीच्या माणसांनी त्याचा न्याय करावा, असा तो विचार आहे. १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन याच्यावरील खटल्यात ज्यूरीने न्यायाधीशांना हवा तसा निकाल दिला नाही, म्हणून त्या माणसांना उपाशी कोंडून ठेवले गेले. तरीही ते बधले नाहीत. पुढे वरच्या कोर्टाने ठरवले की निकालाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. अशा माणसांपुढे आपण नतमस्तक व्हावे.

पण "बरोबरीची माणसे" म्हणजे कोण? सगळी गोम इथेच आहे, बंधूंनो. जिथे समाजच बरोबरीचा नाही, तिथे बरोबरीची माणसे आणायची कुठून?

इंग्रजांनी ज्यूरी या देशात आणली ती आधी स्वतःसाठी. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात १७७५ साली महाराजा नंदकुमार यांचा खटला इंग्रज ज्यूरीपुढे चालला आणि त्यांना फाशी झाली. पुढे एतद्देशीयांना ज्यूरीत बसण्याची मुभा मिळाली. १८६१ च्या फौजदारी संहितेने ज्यूरी जिल्ह्यांपर्यंत आणली. मात्र ती सरसकट नव्हती. सरकार ज्या जिल्ह्यांसाठी आणि ज्या गुन्ह्यांसाठी हुकूम काढील तेथेच ज्यूरी. इतरत्र न्यायाधीशांबरोबर असेसर बसत. असेसरांनी मत द्यायचे, पण ते न्यायाधीशांवर बंधनकारक नसे. आणि गोऱ्या आरोपीसाठी नियम वेगळे! १८८३ च्या इल्बर्ट बिलाचे वादळ विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचले असेल. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या माणसाचा खटला चालवावा, हे गोऱ्यांना सहन झाले नाही. अखेर १८८४ साली तडजोड झाली आणि निम्मे तरी गोरे असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क त्यांना मिळाला. म्हणजे गोऱ्यांना आपल्या बरोबरीच्यांकडून न्याय हवा होता. तो हक्क हिंदी माणसाला होता का?

याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला १८९७ साली झाला. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन! दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. दुसरा खटला जुलै १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे मुंबई हायकोर्टात चालला. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन! सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टिळकांना मंडालेला नेले. ज्या लेखांबद्दल खटला होता ते 'केसरी'तले मराठी लेख. ज्यूरीपुढे आले ते त्यांचे इंग्रजी भाषांतर, आणि त्या भाषांतरावरच टिळकांचा मोठा आक्षेप होता. ज्यांना लेखाची भाषा येत नाही त्यांनी लेखकाचा हेतू ठरवायचा, असा तो प्रकार. ज्यूरीने काहीही म्हटले तरी आपण निर्दोष आहोत, या आशयाचे टिळकांचे उद्गार हायकोर्टात संगमरवरावर कोरलेले आहेत. शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. कोर्टातल्या ज्यूरीने एक निकाल दिला आणि रस्त्यावरच्या जनतेने दुसरा.

टिळकांच्या सामाजिक मतांबद्दल आपले मतभेद आहेत आणि ते राहतील. पण हा आकड्यांचा धडा आपण विसरू नये. सहा-तीन, सात-दोन. मतांची फाळणी पुराव्याप्रमाणे झाली की कातडीच्या रंगाप्रमाणे, हे मी तुमच्यावर सोडतो.

आपण सोलापूरकर तर हे अधिक जाणतो. मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. हुतात्मा चौकातून जाताना विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. न्याय करणारा कोण आहे, हा प्रश्न पुस्तकातला नाही. त्यासाठी माणसांनी प्राण दिले आहेत.

आता स्वातंत्र्यानंतरचे पाहू. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातील कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. त्या काळात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने मोठी मोहीम चालवली होती. शहरात सहानुभूतीची लाट होती. सत्र न्यायाधीश मेहता यांना तो निर्णय पटला नाही. त्यांनी कायद्यातील तरतुदीनुसार प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने १९६० साली जन्मठेप दिली आणि सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. १९६४ साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली. या घटनेवर आधारलेला 'रुस्तम' हा चित्रपट २०१६ साली येऊन गेला, तो पुष्कळांनी पाहिला असेल.

नानावटी खटल्यामुळेच ज्यूरी गेली आणि तो देशातला शेवटचा ज्यूरी-खटला, असे सर्रास सांगितले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. असेसरांची पद्धत १९५५ च्या दुरुस्तीनेच गेली होती. १९५८ साली, म्हणजे नानावटींच्या गोळीबाराच्या आधीच, सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ज्यूरी बंद करावी अशी शिफारस केली होती. नानावटी खटल्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चालले. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत मात्र ज्यूरीला जागा उरली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ती नाही. तिचा एक अंश आजही शिल्लक आहे: पारशी विवाह कायद्याखालील खटल्यांत न्यायाधीशांबरोबर पाच पारशी प्रतिनिधी बसतात.

विद्यार्थी मित्रांनो, ज्यूरी हा आपल्या दृष्टीने वरदान ठरला असता की शाप, हे पाहायचे असेल तर आपल्यासारख्याच दुसऱ्या समाजाकडे पाहा. अमेरिकेत ज्यूरी आजही आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला एका गोऱ्या बाईशी आगळीक केल्याच्या आरोपावरून पळवून नेऊन ठार मारण्यात आले. ज्यूरीत बारा गोरे पुरुष होते. त्यांना आरोपींना सोडून द्यायला तासाभरापेक्षा थोडाच अधिक वेळ लागला. काही महिन्यांनी त्या आरोपींनीच एका मासिकाकडून पैसे घेऊन आपण खून केल्याची कबुली दिली. पण एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नाही.

आणि आता दुसरी बाजू ऐका. १९६३ साली त्याच मिसिसिपी राज्यात नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घातली गेली. १९६४ साली आरोपीवर दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्यूरी गोऱ्या पुरुषांची. दोन्ही वेळा त्यांचे एकमत झाले नाही आणि आरोपी मोकळा राहिला. तीस वर्षांनी, १९९४ साली, पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी ज्यूरीत आठ काळे आणि चार गोरे होते. त्यांनी आरोपीला दोषी ठरवले. राज्य तेच, आरोपी तोच, पद्धतही तीच. बदलली होती ती ज्यूरीच्या बाकावर बसणारी माणसे. ती बदलली ती काळ्या समाजाने मतदानाचा हक्क आणि ज्यूरीच्या यादीत नाव लागण्याचा हक्क लढून मिळवला म्हणून.

यावरून मी असे म्हणतो की ज्यूरी हा समाजाचा आरसा आहे. समाज जसा, तशी ज्यूरी. आता आपल्या महाडची आठवण करा. चवदार तळ्याचा दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. स्पृश्यांनी सांगितलेली रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे सिद्ध होत नाही, असे कोर्टाने म्हटले. हा दावा ज्यूरीपुढे चालणारा नव्हताच. पण क्षणभर कल्पना करा की तो प्रश्न महाडच्या त्या काळच्या नऊ "प्रतिष्ठित" गृहस्थांवर सोपवला असता. काय निकाल लागला असता? मला उत्तर देण्याची गरज नाही.

म्हणून न्यायाधीश एकटाच बरा, असे माझे म्हणणे आहे का? तसे नाही. न्यायाधीशही याच समाजातून येतो. १९६८ च्या डिसेंबरात तामिळनाडूतील किळवेण्मणी गावात ४४ दलित शेतमजूर स्त्री-पुरुष आणि मुले झोपडीत जाळून मारली गेली. १९७३ साली मद्रास हायकोर्टाने जमीनदार आरोपींना सोडून दिले. इतके श्रीमंत जमीनदार स्वतः पायी जाऊन असे कृत्य करतील हे पटत नाही, अशा आशयाचे निरीक्षण त्या निकालपत्रात होते. तिथे ज्यूरी नव्हती.

पण एक फरक पाहा. ते निरीक्षण लिहिलेले आहे. म्हणूनच पन्नास वर्षांनंतरही आपण ते दाखवून म्हणू शकतो की येथे न्यायाची चूक झाली. आपल्या खैरलांजीचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण ॲट्रॉसिटीचे कलम लावले नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या कैदेत बदलल्या. जातीचा हेतू का नाकारला, कोणत्या साक्षीवरून नाकारला, हे निकालपत्रात वाचता आले. त्यावर लेख लिहिले गेले, मोर्चे निघाले, अपिले झाली. ज्यूरीने "दोषी नाही" एवढे दोनच शब्द उच्चारले असते, तर आपण कशाशी वाद घालणार होतो? दुर्बलाच्या हातात कारणे देणारा निकाल हे मोठे हत्यार आहे. शिकलेल्या समाजालाच ते वापरता येते, म्हणून शिकायचे.

आपल्या धम्माच्या परंपरेतही याचा विचार झालेला आहे. विनयपिटकात भिक्षुसंघातील वाद मिटवण्याच्या सात पद्धती सांगितल्या आहेत. पहिली पद्धत म्हणजे ज्याच्याविषयी वाद आहे त्याच्या समक्षच निर्णय करणे. पाठीमागे निकाल नाही! बहुमताने निर्णय करायचा तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मते मोजत. आणि सगळ्या सभेत गोंधळ होऊ लागला तर थोड्या जाणकारांची समिती निवडत. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत दहा मुद्द्यांवर वाद झाला, तेव्हा पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार अशा आठ भिक्षूंची समिती नेमली गेली. दोन्ही पक्षांना समान जागा! तिने एकेक मुद्दा घेऊन, नियमाचा आधार दाखवून निर्णय दिला, आणि तो पुन्हा संघापुढे मांडला. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या या सभानियमांचा मुद्दाम उल्लेख केला होता. समक्षता, समान प्रतिनिधित्व आणि सकारण निर्णय, या तीन कसोट्या मला तिथे दिसतात. ज्यूरी असो वा न्यायाधीश, या तीन कसोट्यांना जो उतरेल तोच न्याय.

आता त्या झोप उडवणाऱ्या गोष्टीकडे येतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावातले प्रकरण माझ्याकडे होते. गावाचे नाव सांगत नाही. आपल्यातल्या एका तरुणाची वरात मारुतीच्या देवळासमोरून गेली म्हणून त्याला आणि त्याच्या भावाला मारहाण झाली. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. कोर्टात साक्षी सुरू झाल्या आणि एकेक साक्षीदार फिरला. "मी शेतावर होतो." "मला काही दिसले नाही." दोन्ही पंचांनी सांगितले की आमच्या समक्ष काही जप्त झाले नाही, आमच्या नुसत्या सह्या घेतल्या. फितूर झालेल्यांत परक्या आळीतले होते, तसे आपल्या आळीतलेही दोघे होते. आरोपी सुटले. त्या तरुणाची आई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "साहेब, सगळ्या गावानं बघितलं, मग कोर्टालाच कसं दिसलं नाही?"

त्या माउलीला मी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. आई, कोर्टाला स्वतःचे डोळे नसतात. कोर्ट साक्षीदाराच्या डोळ्यांनी पाहते आणि पंचाच्या सहीने वाचते. ज्या गावाने तोंड मिटले, त्याच गावातून ज्यूरी निवडली असती तर तिने वेगळे काय केले असते?

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे. ज्यूरी गेली, पण न्यायदानातला सामान्य माणसाचा वाटा गेलेला नाही. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे आणि पंचनाम्याखालच्या सहीत आहे. झडती-जप्तीसाठी त्या भागातील दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून घ्यावेत, असे कायदा सांगतो. मग पोलीस बोलावतात तेव्हा आपण मागच्या दाराने का निघून जातो? "कोर्टाची पायरी नको" ही म्हण आपण फार दिवस उराशी बाळगली. जो समाज कोर्टाची पायरी चढत नाही, त्याचा न्याय दुसरेच करतात.

तेव्हा माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, जे पाहिले ते सांगा आणि सांगितले त्यावर ठाम राहा. दुसरी, पंच म्हणून सही करताना पंचनामा वाचून घ्या. वाचता येत नसेल तर आपल्या विद्यार्थ्याला बोलवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. तिसरी, अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ घरोघर समजावून सांगा. पीडिताला सुनावणीची सूचना मिळण्याचा, जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क त्यात आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाची जबाबदारी शासनावर आहे. कामकाजाचे चित्रीकरण व्हावे असेही त्यात म्हटले आहे. नियमांप्रमाणे पीडिताच्या इच्छेवरून नामवंत वकील नेमण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. विशेष न्यायालयाच्या निकालावर अपील ९० दिवसांच्या आत करायचे असते, ही मुदत पाठ करा. चौथी विनंती विद्यार्थ्यांना: वकील व्हाच, पण तेथेच थांबू नका. न्यायाधीशांच्या परीक्षेला बसा. मिसिसिपीत बाकावरची माणसे बदलली तेव्हा निकाल बदलला. आपल्याकडे बाक एकच आहे, न्यायाधीशांचा. त्यावर आपली माणसे दिसली पाहिजेत, आणि त्यांनी आपल्यांनाही न्यायाने तोलले पाहिजे.

संस्थेने अभ्यासिकेत महिन्यातून एक संध्याकाळ निकालपत्र-वाचनासाठी ठेवावी, अशी सूचना मी अध्यक्ष महोदयांना करतो. एक निकाल घ्यावा, मराठीत समजून घ्यावा, आणि मुलांनी ज्यूरीसारखे गोल बसून चर्चा करावी. फक्त एक अट, "दोषी" किंवा "निर्दोष" म्हणून थांबायचे नाही. प्रत्येकाने कारण द्यायचे. पहिली संध्याकाळ मी येईन.

 जयभीम! नमो बुद्धाय!